लालबागची चाळ, ८० खोल्या, ४०५ फुटांची ऑफर: सही करण्याआधी कोणता हिशोब मांडायचा?

चौथा_जिना (प्रश्न):
लालबागमधली तळ अधिक तीन मजल्यांची चाळ. 'ए' वर्गाची (सप्टेंबर १९४० आधीची) उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी इमारत, प्लॉट साधारण १,००० चौ. मीटर, खोल्या ८०. प्रत्येक खोली १६० ते १८० फूट, आत मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. भाडं आणि उपकर धरून महिन्याला चारशे-पाचशे रुपये.

जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, म्हणजे ३३(७) खाली, प्रस्ताव आलाय: ४०५ फूट कार्पेट, खोलीमागे ३ लाख कॉर्पस (देखभालीसाठी एकरकमी निधी), काम चालू असेपर्यंत महिना २५,००० भाडं. रस्त्याच्या बाजूला विक्रीची विंग, मागे रहिवाशांची २२ मजली विंग.

विचारायचं ते असं:
१) ४०५ ही खरंच चांगली ऑफर आहे का?
२) नव्या घरात दरमहा किती खर्च येईल? यावर बैठकीत कोणीच बोलत नाही.
३) आसपास ज्या चाळी टॉवर झाल्या तिथली निम्मी नावं चार-पाच वर्षांत बदललेली दिसतात. मूळ माणसं बदलापूर, विरार, नालासोपारा. घर फुकट मिळून माणसं जातात का? की परळचं सगळं जे झालं, गिरण्या जाऊन टॉवर आले, त्याचाच हा भाग?

सेस_वही:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ४०५ ही ऑफर नव्हे, तो कायद्याचा तळ आहे. डीसीपीआर २०३४ (मुंबईची विकास नियमावली) च्या ३३(७) मध्ये राहत्या भाडेकरूला आहे तेवढं क्षेत्र, पण कमीत कमी ३०० फूट कार्पेट. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने वर मिळणारं जादा क्षेत्र, पुनर्वसनाच्या भागाला प्रीमियमशिवाय (महापालिकेला शुल्क न भरता). ३०० गुणिले १.३५ म्हणजे ४०५. बिल्डरने पदरचा एक फूटही घातलेला नाही. बॅनरवर 'भव्य ४०५' लिहिलंय म्हणून भारावून जाऊ नका. खालच्या गाळेवाल्यांना मात्र हा किमान ३०० लागू नाही, त्यांना आहे तेवढाच गाळा धरतात. म्हणून त्यांची नाराजी वेगळी असते आणि ती आधी ऐकून घेतलेली बरी.

संमती आता ५१ टक्के पुरते, पूर्वी ७० लागायची. म्हणजे तुमच्याकडे ४१ सह्या झाल्या की गाडी पुढे सरकते. उरलेल्या ३९ जणांच्या अटी ऐकायची बिल्डरला घाई राहत नाही. अटी मांडायच्या असतील तर त्या चाळिसाव्या सहीच्या आत.

खरी मारामारी होते ती प्रमाणित यादीवर. म्हाडाचं रिपेअर बोर्ड प्रत्येक खोलीचा रहिवासी आणि त्याचं क्षेत्र प्रमाणित करून देतं. तिथे नेहमी अडकतं ते हे:

भाडेपावती आजोबांच्या नावावर, आजोबा वारले १९९० च्या आसपास, पावती कोणी बदलून घेतलीच नाही. वारसांत एकवाक्यता नसेल तर त्या खोलीचा करार शेवटपर्यंत लटकतो. यादी व्हायच्या आधी नाव लावून घ्या.

एका खोलीत दोन भाऊ, मधे पार्टिशन, दोन चुली, दोन रेशनकार्डं. तरीही खोली एकच, घर एकच. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली भाडेदारी हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे आता घाईने दुसरी पावती फाडून काही साधत नाही. उलट संशय येतो.

पोटमाळा आणि गॅलरीत वाढवलेला भाग. 'ए' वर्गातलं अनधिकृत बांधकाम अस्तित्वातल्या क्षेत्रात धरलं जात नाही. १७० फुटांची खोली पोटमाळ्यासकट २५० सांगून फायदाही नाही, कारण दोन्ही आकडे ३०० च्या खालीच आहेत.

शेजारच्या चाळी सोबत येत असतील तर चित्र थोडं बदलतं. एकट्या प्लॉटला पुनर्वसनाच्या क्षेत्रावर ५० टक्के प्रोत्साहन एफएसआय (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते माप; प्रोत्साहनाचा भाग बिल्डर विकतो), दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर ६०, सहा किंवा जास्त असतील तर ७०. आणि शहर भागात ४,००० चौ. मीटर जमलं तर ३३(९) ची समूह योजना, ४ एफएसआय, किमान ३५ चौ. मीटर कार्पेट. पण एका चाळीत ५१ टक्के जमवताना तोंडाला फेस येतो, तिथे सहा मालक आणि चारशे भाडेकरू एका टेबलावर आणायचे म्हणजे दहा वर्षांची बोली.

हिशोबनीस:
वरच्या आकड्यांवरच पुढचं गणित मांडतो. तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. दर आणि खर्च मी गृहीत धरलेत, तुमच्या आर्किटेक्टचे आकडे घालून पुन्हा करा.

८० खोल्या × ३०० फूट = २४,००० फूट कार्पेट. भिंती वगैरे धरून ढोबळ १.२ ने गुणलं तर २८,८०० फूट बांधीव, म्हणजे सुमारे २,६७६ चौ. मीटर. त्यावर ५० टक्के प्रोत्साहन १,३३८. बेरीज ४,०१४, एफएसआय ४ च्या किंचित वर. नियम म्हणतो ३ किंवा हा आकडा, जो जास्त असेल तो. दाटीच्या चाळीला दुसराच लागू पडतो.

विक्रीला किती उरलं? १,३३८ वर प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल, १,८०६ चौ. मीटर, म्हणजे १९,४४० फूट बांधीव. कार्पेट १६,२००. ६०० फुटांचे फ्लॅट काढले तर २७.

आता खर्च. पुनर्वसन फंजिबलसकट सुमारे ३८,९०० फूट आणि विक्री १९,४४०, मिळून ५८,३०० फूट. फुटाला ५,००० धरा, २९ कोटी १५ लाख. भाडं ८० × २५,००० × ४८ महिने, ९ कोटी ६० लाख. कॉर्पस २ कोटी ४० लाख. ४१ कोटींच्या वर गेलं. यात मालकाचा वाटा नाही, महापालिकेचे प्रीमियम नाहीत, व्याज नाही, दलाली नाही, नफा नाही.

हा सगळा भार २७ फ्लॅटवर. प्रत्येकाच्या डोक्यावर १ कोटी ५२ लाख, कार्पेटच्या फुटाला सुमारे २५,४००. त्यावर व्याज, प्रीमियम, नफा चढवला की ३५,००० सहज होतो. ६०० फूट म्हणजे २ कोटी १० लाख. ८० टक्के कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता महिना १ लाख ४६ हजार.

हा हप्ता लालबागमधला मसालेवाला, बेस्टचा वाहक, पालिकेतला लिपिक भरू शकत नाही. तो भरतो लोअर परळच्या काचेच्या इमारतीत काम करणारा, किंवा दुबईहून पैसे पाठवणारा, किंवा गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावणारा. बिल्डर हावरा असतो की नाही हा वेगळा विषय. पण योजनेची रचनाच अशी आहे की ८० जुनी घरं फुकट द्यायची तर २७ नवी घरं चाळीतल्या कोणाला न परवडणारीच निघणार. तुमच्या मुलाला त्याच आवारात दुसरं घर घ्यायचं असेल तर तो दरवाजा मंजुरीच्या दिवशीच बंद झाला.

आणखी एक. विक्रीचा दर पडला किंवा २७ पैकी १० फ्लॅट अडकले तर पहिली कात्री कशाला लागते? तुमच्या भाड्याला. काम थांबवलं तर बँक विचारते, भाडं थांबवलं तर फक्त तुम्ही.

पंप_आणि_लिफ्ट:
दुसरा प्रश्न घेतो. चाळीत देखभाल म्हणजे गळकी टाकी आणि गणपतीआधीची रंगरंगोटी. २२ मजली इमारत हे एक यंत्र आहे आणि ते रोज चालवावं लागतं.

पाणी घ्या. ८० घरं, घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर: रोज ५४,००० लिटर. ते ७५ मीटर वर चढवायला, पंप-मोटरची कार्यक्षमता निम्मी धरली तर रोज २२ युनिट. दोन लिफ्ट मिळून ४० युनिट, जिने-लॉबीचे दिवे २०. महिन्याला अडीच हजार युनिटच्या आत-बाहेर, १२ रुपयांनी सुमारे ३०,०००.

गेटवर एक वॉचमन चोवीस तास हवा तर माणसं चार लागतात, तीन पाळ्या आणि एक बदली. १८,००० ने ७२,०००. सफाईचे दोघे २८,०००. लिफ्टचं वार्षिक कंत्राट महिन्यावर आणलं तर १५,०००. आगीची यंत्रणा १०,०००. पाणी आणि मलनिःसारण १८,०००. हिशोब, ऑडिट, व्यवस्थापक १२,०००. विमा आणि किरकोळ १५,०००. झाले दोन लाख. भागिले ८०, घरटी २,५००.

आता जे कोणी धरत नाही ते. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) पाव टक्का, दरवर्षी. घराचं बांधकाम २४ लाख ३० हजार धरलं (४८६ बांधीव फूट × ५,०००) तर एक टक्का म्हणजे २४,३००, महिना २,०२५. एकूण ४,५०० च्या वर. चारशेचे साडेचार हजार.

कॉर्पसचं व्याज? ३ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी महिना १,६२५. म्हणजे सुमारे २,९०० खिशातून. आणि पगार-वीज वर्षाला ७ टक्क्यांनी वाढली तर आजचे २,५०० दहा वर्षांनी ४,९०० होतात. व्याज मात्र १,६२५ वरच बसलेलं. पेन्शनवरचं जोडपं किंवा एकटी राहणारी आजी इथे मार खाते, पहिल्या वर्षी नाही, आठव्या-नवव्या वर्षी.

३३(७) मध्ये दहा वर्षं इमारतीची देखभाल निघेल असा कॉर्पस बिल्डरने उभा करायचाय. पण पुष्कळ ठिकाणी तो रहिवाशांच्या हातात चेकने देतात, कारण बैठकीत तेच लोकांना आवडतं. हातात आलेले तीन लाख सहा महिन्यांत लग्नात, फर्निचरमध्ये नाहीतर जुन्या कर्जात जातात आणि लिफ्ट पहिल्यांदा मोठ्या दुरुस्तीला येते तेव्हा सोसायटीच्या खात्यात खडखडाट. कॉर्पस सोसायटीच्या नावाने मुदत ठेवीत, वापरायचं फक्त व्याज, मुद्दलाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव. हे करारातच लिहून घ्या, नंतर कोणी तयार होत नाही.

आगीच्या यंत्रणेत लोक सर्रास पैसे वाचवायला जातात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं. होतं काय, फायर पंपाचा पॅनल 'ऑटो' वरून 'मॅन्युअल' वर फिरवलेला असतो. पाइपात कुठेतरी बारीक गळती असते, दाब उतरला की जॉकी पंप (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) रात्री-बेरात्री चालू होतो आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडते. गळती काढायला वीस हजार खर्च करण्यापेक्षा बटण फिरवणं सोपं. मग खरी आग लागते तेव्हा राइजर (आग विझवायच्या पाण्याचा उभा पाइप) कोरडा. ताबा घेताना पॅनलसमोर उभं राहून एक हायड्रंट उघडायला लावा. पंप आपोआप सुरू झाला नाही तर सही करू नका.

मालमत्ता कराचंही बघा. मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना जानेवारी २०२२ पासून माफी आहे, ४०५ त्यात बसतं. गंमत अशी की वर सांगितलेल्या समूह योजनेत ३५ चौ. मीटरवर फंजिबल धरलं तर ४७.२५ होतात आणि माफीची रेघ ४६.४५ वर आहे. जेमतेम आठ-नऊ फुटांसाठी बिल सुरू.

गिरणी_ते_काच:
तिसऱ्या प्रश्नाचा 'परळचं सगळं' हा भाग. हो, त्याचाच भाग आहे, आणि तारखा लावून बघितलं तर जास्त स्पष्ट होतं.

गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. आता गिरणी म्हणजे शेड. कापड खात्यापासून सूत खात्यापर्यंत सगळी जमीन छपराखाली. मोकळं उरतं ते गेटजवळचं अंगण आणि चिमणीभोवतीची पट्टी. त्याचे तीन भाग करून काय हाती लागणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जुन्या वाटणीच्या बाजूने निकाल दिला, ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मधल्या काळात दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या. २००५ मध्ये बांधकाम प्रकल्पांत १०० टक्के परकीय गुंतवणूक सरकारी परवानगीशिवाय खुली झाली. आणि त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या: मुंबई टेक्स्टाइल, ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, कोहिनूर ३. मिळून सुमारे २,०२० कोटी. एकट्या मुंबई टेक्स्टाइलचे साडेसतरा एकरांना ७०२ कोटी, एकरी ४० कोटी. त्या दिवसापासून लालबागच्या चाळीखालच्या जमिनीलाही तोच भाव डोळ्यासमोर ठेवून बघायला लागले. चाळ तीच, भाडं तेच, फक्त खालची माती महाग झाली.

पुढचा टप्पा कार्यालयांचा. ज्युपिटरच्या जागेवरच्या कार्यालयी इमारतीत आज परदेशी गुंतवणूक कंपनीचे पैसे आहेत. २०१९ मध्ये देशातला पहिला आरईआयटी शेअर बाजारात आला, म्हणजे कार्यालयांच्या भाड्याचे बारीक तुकडे करून ते जगात कुठल्याही गुंतवणूकदाराला विकायची सोय झाली. हिशोबनीसांच्या २७ फ्लॅटचं गिऱ्हाईक या कार्यालयांतून येतं.

घरांच्या वाट्याचं काय झालं? गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं, मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. घर २२५ फुटांचं, २०२० ला किंमत साडेनऊ लाख. आता ८१,००० घरांची योजना शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढे. परळच्या भोंग्यावर चालत जाणाऱ्याच्या नातवाने वांगणीहून लोकल पकडायची.

यात एक गोष्ट सुटते म्हणून सांगतो. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या आणि कामगार चालत यायचा. त्यामुळे करी रोड, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी), परळ ही स्टेशनं लहान असून भागलं. करी रोडला आजही एकच फलाट आहे. कार्यालयं आली ती सगळी साडेनऊ-दहाची, आणि सगळी माणसं बाहेरून येणारी. जमिनीचा वापर बदलला, जिने तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पाऊस थांबायची वाट बघत लोक उभे राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातल्या आगीत १४. नियम ५८ च्या चर्चेत या दोन तारखाही धराव्यात.

मालकाची_बाजू:
जागतिकीकरणावर सगळं ढकलू नका राव. चाळी पडायला आल्या त्या २००५ च्या कितीतरी आधी. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवलं. महिना दहा-वीस रुपयांत मालक छपराची कौलंही बदलू शकत नाही. म्हणून १९६९ मध्ये उपकर आणि दुरुस्ती मंडळ आणावं लागलं, तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या.

आणि गोठवणं तरी सगळ्यांना सारखं कुठे होतं? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून बाहेर काढल्या. फोर्टमधल्या मालकाला बाजारभाव मिळाला, लालबागच्या मालकाला नाही. तो आता ३३(७) मध्ये आपला वाटा मागतोय तर त्यालाच खलनायक ठरवतात. म्हाडा कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीत महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत भाडेकरूंसाठी ताब्यात घ्यायची तरतूद आहे. पाचशे भाडं तर पन्नास हजारांत खोली! त्यावरचा वाद नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला पीठाने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही.

गिरणी_ते_काच:
@मालकाची_बाजू, भाडं गोठवल्याने चाळी खंगल्या हे मान्य. पण खंगलेली चाळ दुरुस्त होणार, तशीच पडून राहणार की टॉवर होणार, हे खालच्या जमिनीच्या भावावर ठरतं. तितक्याच जुन्या कित्येक इमारती टेकू लावून उभ्या आहेत कारण तिथे हे गणित जमत नाही. दोन्ही कारणं एकत्र लागतात.

चौथा_जिना:
सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. मागची विंग-पुढची विंग यात काय बघायचं? आणि माणसं नेमकी का जातात ते अजून अर्धंच कळलं. फक्त देखभालीमुळे?

नकाशा_आधी:
आधी जाण्याचं. देखभाल हे निमित्त, मूळ कारण वाटणी. पागडीची (एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली) खोली होती तोवर ती विकायची तर मालकाला वाटा द्यावा लागायचा, रीत साधारण एक तृतीयांशाची. गिऱ्हाईक कमी, भाव कमी. म्हणून तीन भावांपैकी एक राहायचा, दोघे बाहेर खोल्या बघायचे आणि गणपतीला सगळे तिथेच जमायचे. आता घर मालकीचं झालं. ४०५ फूट, ३५,००० दराने १ कोटी ४२ लाख. तिघांत ४७ लाख. एवढ्यात लालबागला मोरीसुद्धा येत नाही, बदलापूरला घर येतं. राहणाऱ्या भावाने उरलेल्या दोघांना ९५ लाख द्यायचे कुठून? म्हणून विकलं जातं. जे विकत नाहीत ते भाड्याने देतात, कार्यालयातली तीन-चार मुलं खाटेवर पैसे देऊन राहतात, आणि त्या भाड्यात कुटुंब डोंबिवलीला घर घेऊन उरलेल्यावर घर चालवतं. यात लबाडी नाही. करार करण्याआधी घरातला आपसांतला वाटा कागदावर आला असेल तर निदान पुढची भांडणं टळतात. हे काम सोसायटीचं नाही, प्रत्येक खोलीचं आहे.

आता विंग. मंजूर नकाशा मागा, रंगीत माहितीपत्रक नको.

मागच्या विंगला रस्ता कुठून? पुढच्या विंगच्या पोडियमखालून बोळ काढला असेल तर अग्निशमनाची गाडी आत वळते का ते रुंदी आणि वळणाच्या त्रिज्येसकट विचारा. दोन विंगमधलं अंतर आणि तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी कशावर उघडते ते बघा. कित्येक ठिकाणी ती पार्किंगच्या लोखंडी मनोऱ्यावर उघडते, दिवसभर साखळीचा आवाज.

एका मजल्यावर किती घरं? २२ मजले म्हणजे तळ आणि सेवेचे मजले सोडून मजल्याला चार-पाच घरं पडतात. ते ठीक. पण नंतर 'सुधारित नकाशा' म्हणून मजले कमी करून मजल्याला आठ-दहा घरं केली तर पॅसेजमध्ये दिवसाही दिवा लागतो. सुधारणा सभेच्या लेखी मंजुरीशिवाय नाही, ही ओळ हवीच.

सोसायटी एक की दोन? उपविधींप्रमाणे सेवा शुल्क घरटी सारखं असतं, फुटावर नाही. एकच सोसायटी झाली आणि पुढच्यांना जिम, जलतरण तलाव, तीन वॉचमन हवे असतील तर ४०५ वाला ६०० वाल्याइतकेच पैसे भरतो. ८० विरुद्ध २७ मतं असली तरी देखभालीचं कंत्राट सुरुवातीला बिल्डरच्याच माणसाकडे असतं. दोन सोसायट्या केल्या तर तलाव गेला, पण बिल आटोक्यात. माझं मत दोन. फक्त जमिनीतला अविभाज्य हिस्सा दोघांचा किती ते करारात आकड्यात लिहा, नाहीतर ४० वर्षांनी पुढच्या पुनर्विकासाला तोच वाद.

महारेरात (घरबांधणी प्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडे) साधारणपणे विक्रीचा भागच नोंदतात. तिथलं तारखेचं वेळापत्रक बघून निश्चिंत होऊ नका, ते २७ जणांचं आहे. तुमचं संरक्षण तुमच्या नोंदणीकृत करारात. प्रत्येक खोलीचा पर्यायी जागेचा करार नोंदवल्याशिवाय आणि आयओडी (महापालिकेची बांधकामाची पहिली मंजुरी) हातात आल्याशिवाय खोली रिकामी करायची नाही. पहिल्या वर्षाचं भाडं आगाऊ, पुढचे चेक आधीच घेतलेले. चेक वटला नाही तर काय, हेही लिहा. पुनर्वसन विंगच्या ओसीआधी (ओसी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला) विक्रीच्या विंगची ओसी मागायची नाही, ही अट म्हाडाच्या ना-हरकत पत्रात आहे का ते स्वतः वाचा. काम मधेच सोडलं तर म्हाडा कायद्यात कलम ९१-अ आहे, म्हाडा प्रकल्प ताब्यात घेऊ शकते. पण तो शेवटचा उपाय, तोवर माणसं संक्रमण शिबिरात म्हातारी होतात.

चौथा_जिना:
कॉर्पस ३ ऐवजी ५ मागितला तर बिल्डर उठून जाईल का?

हिशोबनीस:
जादा २ लाख × ८० = १ कोटी ६० लाख. १९,४४० फुटांवर पसरवले तर बांधीव फुटाला ८२३ रुपये, कार्पेटवर हजाराच्या आत. ३५,००० च्या दरात हे तीन टक्केही होत नाही. उठून जाणार नाही, कुरकुरेल.

तुमच्याकडे ५ लाखांचं व्याज महिना २,७०८ येतं, म्हणजे पंप_आणि_लिफ्ट यांचे २,५०० निदान सुरुवातीला पूर्ण निघतात. तो '५ नाही, त्याऐवजी १५ फूट वाढवून देतो' म्हणेल. ते घेऊ नका. १५ फूट म्हणजे एक कपाट, आणि त्याच्यावरही देखभाल लागते. त्याऐवजी पार्किंगच्या मनोऱ्याचा आणि पुढच्या विंगच्या पंपांचा वीजमीटर वेगळा मागा. नकाशावर मीटर रूम दोन दाखवल्यात का, ते आजच बघून घ्या.